बांदा ते पेडणे, व्हाया कराची

इतिहासाचे आणि माझे कधी फारसे पटले नाही. शाळेत सनावळ्या पाठ होईनात म्हणून मी कॉमर्सला गेलो, आणि तिथे गेल्यावर कळले की ताळेबंदालाही तारीख घालावी लागते! पुढे बँकेत चिकटलो. तेव्हापासून रोज सकाळी शिक्क्यावरची तारीख एका दिवसाने पुढे सरकवणे, हाच काय तो इतिहास घडवण्यातला माझा वाटा. अशा माणसाने एका विमानतळाचा इतिहास सांगायला बसावे हे ऐकून आमचे हेडकॅशियर म्हणाले, "आधी तो गेल्या महिन्यातला अकरा रुपयांचा फरक शोधा. मग विमाने शोधा."

फरक मी अजून शोधतो आहे. विमानतळाचा हिशेब मात्र लागला, तो सांगतो.

त्याचे असे झाले. माझी पहिलीच नेमणूक गोव्यात, वास्कोला झाली. आमचे मूळ घर बांद्याला. बांदा म्हणजे सावंतवाडीच्या पुढे, तेरेखोल नदीच्या काठी, महाराष्ट्र आता संपवायला हरकत नाही असे जिथे वाटू लागते ते गाव. तिथून गोव्याची हद्द म्हणजे जवळजवळ मागचे अंगणच. त्यामुळे मुलगा परमुलखात चालला असे कोणाला वाटले नाही. आईने लोणच्याची बरणी दिली, वडिलांनी "कॅशवर बसू नकोस" असा सल्ला दिला, आणि आजीने विचारले, "वास्को? म्हणजे त्या दाबोळीच्या इमानतळाकडे?"

"हो."

यावर आजीने काही न बोलता पानाचा डबा जवळ ओढला. आजीने पानाचा डबा ओढला की तो विषय संपला असे आमच्या घरात सगळे समजतात. मीही समजलो.

वास्कोत मला खोली मिळाली ती दाबोळीच्या पठाराच्या पायथ्याशी. भाडे एवढे कमी का, हे पहिल्या रात्री कळले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे. प्रवासी विमाने तिथे उतरतात ती नौदलाच्या सवडीने, आणि सुट्टीचे दिवस सोडले तर सकाळ ही सरावाची. त्या काळी तिथे 'सी हॅरियर' जातीची लढाऊ विमाने होती. ती सुरू झाली की माझ्या खोलीतला चहाचा कप स्टोव्हपासून खिडकीपर्यंत आपला आपण चालत जाई. शाखेतही तीच तऱ्हा. काउंटरवर खातेदाराने "पाचशे" म्हणावे आणि वरून विमान जावे, की मला फक्त ओठ दिसायचे. अशा वेळी मी स्लिप पाहूनच पैसे देत असे. आवाजावर विश्वास ठेवून पैसे देणारा माणूस बँकेत टिकत नाही.

हा विमानतळ नौदलानेच बांधला असणार अशी माझी समजूत होती. ती चतुर्थीला गेली.

म्हणजे चतुर्थीला मी बांद्याला गेलो तेव्हा. गणपतीच्या आधी घर सारवून-पुसून काढताना माळ्यावरून आजोबांची ट्रंक खाली आली. आजोबा माझ्या कॉलेजच्या दिवसांतच वारले होते. ते बांद्याच्या एका दुकानात दिवाणजी होते. तेव्हा हिशेबाची खोड आमच्या घरात माझ्यापासून सुरू झालेली नाही. ट्रंकेत शके १८७९चे एक पंचांग निघाले. त्याच्या पाठच्या कोऱ्या पानावर बारीक, तिरक्या अक्षरात लिहिले होते:

बांदा ते पेडणे: ११ मैल.

आणि त्याखाली, रेघ मारून:

बांदा ते मुंबई ३१०
मुंबई ते कराची ५५०
कराची ते दाबोळी ७८०
दाबोळी ते पेडणे ४०
एकूण १५८०.

मी जन्माचा कारकून. दोन आकडे एका पानावर दिसले की त्यांचा मेळ घातल्याशिवाय मला जेवण जात नाही. अकरा मैलांच्या वाटेला दीड हजार मैल? आणि मध्ये कराची? आजोबांनी तर आयुष्यात बेळगाव दोनदा आणि मुंबई एकदा पाहिली होती. पंचांग घेऊन मी आजीकडे गेलो. तिने ते हातात घेतले, पाहिले, आणि या वेळी पानाचा डबा बाजूला सारला.

आजीचे माहेर पेडण्याचे. म्हणजे हद्दीपलीकडचे. लग्न होऊन ती बांद्याला आली तेव्हा दोन्ही गावांच्या मध्ये एक राज्य संपून दुसरे सुरू होते, हे तिच्या गावीही नव्हते. दिवस उगवता निघाले की दुपारच्या जेवणाला माहेरी, एवढा तिचा भूगोल. १९५५ साली तो भूगोल बदलला.

आता इथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. घाबरू नका, सनावळ्या फार नाहीत.

१९४७ साली इंग्रज गेले. पोर्तुगीज गेले नाहीत. ते १५१० पासून गोव्यात होते आणि उठण्याचे लक्षण दिसत नव्हते. त्यांच्याकडे गोवा, दमण आणि दीव असे तीन तुकडे. एकमेकांपासून शेकडो मैल लांब. शिवाय दमणच्या आतल्या बाजूला दादरा आणि नगर-हवेली हे दोन चिमुकले तुकडे, चहूबाजूंनी भारताने वेढलेले. १९५४ साली स्वातंत्र्यसैनिकांनी ते दोन्ही मुक्त केले. पोर्तुगीजांना तिथे फौज पाठवायची होती, पण भारताने आपल्या हद्दीतून वाट दिली नाही. मग पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. निकाल लागला १९६० साली, आणि तोही असा, की दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असे वाटावे: सामान्य माणसांना आणि मालाला जाण्यायेण्याचा हक्क होता, शिपाई-पोलिसांना नव्हता. आमच्या गावच्या बांधाच्या भांडणांचे निकालही साधारण असेच लागतात. फक्त त्यांना वेळ जास्त लागतो.

त्याच्या आधीच, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. त्यांच्यावर गोळीबार झाला. बांद्याहून पेडण्याला जाताना लागते त्या पत्रादेवीलाही झाला; माणसे पडली. त्यानंतर भारताने गोव्याशी व्यवहार तोडला. रेल्वे बंद, रस्ते बंद, माल बंद. हद्दीवर दोन्हीकडून पहारे बसले. आजीच्या माहेरची वाट त्या पहाऱ्यात सापडली.

जमीन बंद झाली की माणूस वर पाहतो. पोर्तुगीजांनी वर पाहिले. मुरगाव बंदराजवळ दाबोळीचे जांभ्या दगडाचे पठार होते. तिथे धावपट्टी झाली. दमणला आणि दीवलाही झाली. दाबोळीच्या विमानतळाला त्या वेळचे गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचे नाव दिले. नाव देण्यासाठी माणूस आधी निवृत्त व्हावा लागतो अशी माझी समजूत होती. पण गव्हर्नरसाहेब खुर्चीवर असतानाच विमानतळ त्यांच्या नावाचा झाला. आणि १९५५ सालीच सरकारने एक विमान कंपनी काढली. तिचे नाव 'ट्रान्सपोर्टेस एरिओस दा इंडिया पोर्तुगेझा'. हे नाव सगळे रंगवायचे तर विमान लहान पडावे, अशी पहिली विमाने होती. 'हेरॉन' म्हणतात ती. इंजिने चार आणि बसायची माणसे चौदा ते सतरा! आमच्या सावंतवाडी-बांदा एस.टी.त एवढी माणसे नुसती दरवाजाजवळ उभी असतात. कंपनीचे नाव मात्र लोकांनी आद्याक्षरांवर आणून सुटसुटीत केले: टी.ए.आय.पी.

ही विमाने दाबोळीहून दमणला जात, दीवला जात, आणि तिथून कराचीला. भारताची हद्द टाळायची म्हणून समुद्रावरून. पुढे कंपनीने व्हायकिंग आणि डीसी-४ ही मोठी विमाने आणली आणि लिस्बनपर्यंत मजल मारली. मला या कंपनीचे एक कौतुक वाटते. एवढासा मुलूख, चहूकडून कोंडी, आणि यांचे वेळापत्रक चालू! माणसांबरोबर टपाल जाई, औषधे येत. गोव्यातल्या कित्येकांनी विमान पाहिले ते आगगाडी बंद झाल्यामुळे.

कोंडीचे आणखी एक गंमतशीर फळ म्हणजे बाजारहाट. शेजारच्या बेळगावची भाजी बंद झाली म्हणून गोव्यात बटाटे आले हॉलंडचे, तांदूळ पाकिस्तानचा, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचे. गोव्याच्या डोंगरातले लोखंडी खनिज परदेशी जात होते, त्यामुळे खिशात पैसा होता. आणि जकात थोडी, त्यामुळे घड्याळे, रेडिओ, मोटारी स्वस्त. पैशाचे नावही बदलले. १९५८ साली गोव्याचा 'रुपिया' जाऊन पोर्तुगालचा 'एस्कुदो' आला. एका रुपियाला सहा, या दराने. त्या बदलाच्या दिवशी तिथल्या बँकेत काउंटरवर जे कोणी बसले असतील, त्यांच्याविषयी मला अजूनही आतून माया वाटते.

सांगायची गोष्ट अशी की हॉलंड जवळ आले, लिस्बन जवळ आले, कराची तर दाराशी आली. आणि पेडणे लांब गेले.

१९५७ च्या आषाढात पेडण्याला आजीचे वडील वारले. अकरा मैलांवर. बांद्याला कळले एका महिन्यानंतर. रात्रीच्या वाटेने पलीकडची घड्याळे अलीकडे आणणारा एक ओळखीचा होता. त्याने दुकानात येऊन आजोबांना सांगितले. त्यानेही ते सहज सांगितले, कारण तोपर्यंत सगळ्यांना माहीत असणारच असे त्याला वाटले. घरी येऊन आजोबांनी आजीला काय सांगितले, कसे सांगितले, ते आजीने मला सांगितले नाही. एवढेच म्हणाली, "म्हैनोभर मी हसत होतंय, बोलत होतंय. दिवाळीक माहेराक काय धाडूचा त्याचो इचार करी होतंय. आणि थंय बापूस नाय होतो."

आजोबांनी परवान्यासाठी अर्ज केला. परवाना देणारे कचेरीत होते, अर्ज कचेरीत होता. दोघांची भेट काही झाली नाही. एके दिवशी दुकानात कोणीतरी थट्टेने म्हणाले, "दिवाणजी, कायदेशीर जायचे तर एकच वाट. मुंबई गाठा, तिथून कराची, आणि कराचीहून पोर्तुगीजांचे विमान. सासुरवाडीला सलामी घडेल." सगळे हसले. आजोबाही हसले असतील. पण रात्री घरी येऊन त्यांनी पंचांग उलटे केले आणि ती वाट मांडली. का मांडली? तिकिटाला लागणारा पैसा त्यांना सबंध जन्मात दिसला नव्हता. मला वाटते, बायकोला "जाता येत नाही" असे सांगण्याआधी माणसाला निदान बेरीज तरी करून पाहावीशी वाटत असेल.

हे ऐकल्यानंतर मी वास्कोला परत गेलो तो दाबोळीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो. विमान वरून गेले की कप सांभाळायचा सोडून मी बाहेर येऊन पाही. घरमालकीण समजली, हा परदेशी जाण्याच्या खटपटीत आहे.

नोव्हेंबर महिना आला. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा महिना. आपण जिवंत आहोत असा दाखला घेऊन म्हातारी माणसे बँकेत येतात आणि आपण त्यांना विचारतो, "सही करता ना? इथे, इथे." एक गृहस्थ असेच आले. हात जाडेभरडे, सही मात्र झोकदार. वरून सी हॅरियर गेले आणि आम्ही दोघेही गप्प झालो. आवाज ओसरल्यावर मी सहज म्हटले, "तुम्हाला सवय असेल." ते हसले. म्हणाले, या पठारावर बाँब पडले त्या रात्री आपण इथेच होतो.

काउंटरवर गर्दी नव्हती. मी खुर्ची पुढे केली.

ते सांगत होते ती डिसेंबर १९६१ची गोष्ट. त्याची पार्श्वभूमी मी मागाहून वाचून काढली, ती आधी सांगतो. भारतीय फौजा हद्दीवर जमू लागल्या तेव्हा गोव्यात गव्हर्नर होते वासालो ई सिल्वा. लिस्बनहून हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा. गव्हर्नरसाहेबांपाशी लढायला धड तोफा नव्हत्या, विमाने तर नव्हतीच. दारूगोळा मागवताना गुप्ततेसाठी 'चोरीस' हा सांकेतिक शब्द ठरला होता आणि लिस्बनहून विमानाने खरोखरच चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाची सॉसेजेस, येऊन पडली, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी असेल यावर मला विश्वास ठेवायला काहीच जड जात नाही. आमच्या शाखेने एकदा वरच्या कचेरीकडे 'पंखे' मागवले होते, तर 'पंखे नाहीत' असे लिहिण्यासाठी छापील फॉर्मचे दोन गठ्ठे आले होते.

१२ डिसेंबरला मुरगावहून 'इंडिया' नावाची बोट सुटली. तिच्यात जागा तीनशे ऐंशी माणसांची. गेली सातशेच्या आसपास. बायकामुलांना नेऊ नका असे लिस्बनचे म्हणणे होते. गव्हर्नरसाहेबांनी ते ऐकले नाही. आणखी एक गोष्ट अशीच बाहेर गेली. पणजीच्या 'बांको नासियोनाल उल्त्रामारीनु' या बँकेत गोवेकरांनी तारण ठेवलेले दागिने होते, ते लिस्बनला पाठवून देण्यात आले. ते परत आले १९९१ साली! तीस वर्षांनी. आमच्याकडे तारणाची पाटली द्यायला जेवणाच्या सुट्टीमुळे अर्धा तास उशीर झाला तर बाया रडतात. त्या तीस वर्षांत किती पोरींची लग्ने बिनदागिन्यांची झाली असतील, त्याचा हिशेब कुठल्या लेजरात नाही.

१८ डिसेंबरला सकाळी पुण्याहून बारा कॅनबेरा विमाने आली आणि त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर त्रेसष्ट हजार पौंडांचे बाँब टाकले. मग दुसरी आठ आली. हुकूम असा होता की धावपट्टी मोडायची. इमारतींना हात लावायचा नाही. वैमानिकांनी तो अक्षरशः पाळला. मला तर तो वाचून आपल्या सरकारविषयी आदर वाटला. उद्या जी मालमत्ता आपल्या खात्यावर जमा व्हायची तिची मोडतोड कशाला करा! हे कॉमर्सच्या माणसालाच कळेल. इमारतींपाशी दोन विमाने उभी होती: एक पोर्तुगालच्या विमान कंपनीचे कॉन्स्टेलेशन आणि एक आपल्या टी.ए.आय.पी.चे डीसी-४. तीही वाचली.

आणि इथून पुढे आमच्या पेन्शनर गृहस्थांची गोष्ट सुरू होते. त्या वेळी ते वीस वर्षांचे. धावपट्टीच्या कामावर मजूर. अंधार पडल्यावर मुकादम घरोघर फिरून माणसे गोळा करू लागला. पठारावर दिवा लावायची बंदी. हाताने चाचपडत दगड, माती, मोडलेला जांभा, जे मिळेल ते खड्ड्यांत टाकायचे. सगळी धावपट्टी बुजवणे शक्यच नव्हते. कशीबशी एक लांबी सपाट झाली. मग मोटारी आल्या. बायका, मुले, सुटकेसी. दोन्ही विमाने त्या तोकड्या पट्टीवरून अंधारात उठली आणि समुद्रावर खाली खाली राहून कराचीकडे गेली. टी.ए.आय.पी.चे विमान कंपनीचे प्रमुख मेजर सोलानु द आल्मैदा यांनी स्वतः नेले. वैमानिक म्हणून मोठेच धाडस ते, त्याला नाव ठेवायला जागा नाही. विमानात मुले होती.

गृहस्थ म्हणाले, "आमी फोंड बुजयले, आनी ते उबून गेले."

आम्ही खड्डे बुजवले आणि ते उडून गेले. रागाने म्हणाले नाहीत. पावती द्यावी तसे म्हणाले.

मी विचारले, "मजुरी मिळाली?"

"मुकादमान सांगिल्लें, फाल्यां दितां." आणि मग ते मनापासून हसले. "फाल्यां सरकारच ना!"

उद्या देतो म्हणाला, आणि उद्या सरकारच नव्हते. १९ डिसेंबरला रात्री गव्हर्नरसाहेबांनी शरणागती लिहून दिली. लिस्बनने त्यांना सैन्यातून काढून टाकले. पुढे १९७४ साली तिथलीच राजवट बदलली तेव्हा त्यांचा मान त्यांना परत मिळाला. टी.ए.आय.पी. ही कंपनी बंद झाली. सहा वर्षांचे आयुष्य. आमच्याकडे एवढ्या मुदतीची ठेवसुद्धा लोक मोडत नाहीत. पठार आपल्या नौदलाकडे आले. १९६४ साली 'आय.एन.एस. हंसा' हा तळ कोइमतूरहून दाबोळीला आला. प्रवासी विमाने आली, १९८७ पासून युरोपातल्या प्रवाशांची खास विमाने येऊ लागली आणि दाबोळीचे नाव मोठे झाले. गृहस्थांना पुढे सरकारी नोकरी मिळाली, तिचेच हे पेन्शन. मी त्यांच्या दाखल्यावर शिक्का मारला. तारीख बरोबर आहे की नाही ते दोनदा पाहिले.

आणि आजी? १९६२च्या जानेवारीत आजोबा तिला माहेरी घेऊन गेले. चालत. पत्रादेवीला कोणी अडवले नाही. साडेचार वर्षांनी ती बापाच्या घराच्या पायरीवर बसून रडली, आणि शेजारणी म्हणाल्या, "अगे, आता कित्याक? ता जुना झाला."

मी पुढे बदली मागून सावंतवाडीला आलो. दिवस गेले, आणि विमानतळाने आमचा पिच्छा पुरवला. ९ ऑक्टोबर २०२१ला आमच्याच जिल्ह्यात चिपीला विमानतळ झाला. आणि ११ डिसेंबर २०२२ला गोव्याच्या दुसऱ्या विमानतळाचे उद्घाटन झाले, ते कुठे? मोप्याला. मोपा कुठे? पेडणे तालुक्यात! ५ जानेवारी २०२३पासून तिथे विमाने उतरू लागली. बांद्याच्या आमच्या पडवीतून ती दिसतात. ज्या माहेरची बातमी यायला महिना लागला, तिथून आता दर थोड्या वेळाने एक विमान डोक्यावरून जाते. आजी नव्वदीच्या पुढे गेली आहे. कान मंद झाले आहेत, पण विमान आले की नातवंडांच्या आधी तिला कळते.

मला वाटले, आजीला एकदा विमानात बसवावे. कर्मचाऱ्यांना प्रवासभत्ता मिळतो, तो असाही वाया जातो. मी म्हटले, "आजी, मोप्याहून मुंबई. तासाभरात."

"मुंबैक काय आसा?"

"काही नाही. विमानात बसायला."

तिने विचार केला. मग म्हणाली, "त्या इमानात बसान पेडण्याक जाता येता?"

"अगं, विमानतळ पेडण्यातच आहे."

"मगे गाडयेनच चल."

गेलो. पत्रादेवीला हुतात्म्यांचे स्मारक आहे, तिथे तिने गाडी थांबवायला लावली आणि बसल्या जागेवरून हात जोडले. मग मोप्याच्या पठारावर गेलो. काचेची ती प्रचंड इमारत, चाकांच्या पेट्या ओढणारी माणसे, आणि गाडीत मागे बसलेली आमची आजी. एक विमान उठले. ते दिसेनासे होईपर्यंत ती पाहत राहिली. म्हणाली, "ह्या खंय जाता?"

"हैदराबादला."

"लांब आसा," आजी म्हणाली. "जांव दे बापडा." आणि तिथून आम्ही पेडण्याला मामांच्या घरी जेवायला गेलो. परत येताना मी गाडीचा काटा पाहिला. सरळ वाटेने आलो असतो तर सतरा किलोमीटर झाले असते. मोप्याचा फेरा धरून थोडे जास्त.

त्या रात्री मी ते पंचांग पुन्हा काढले. इतक्या वर्षांत बेरीज तपासायचे मला सुचले नव्हते. आजोबांच्या हिशेबाला चूक असेल असे मनातच आले नाही. सवयीने पेन्सिल फिरवली आणि थांबलो. तीनशे दहा, पाचशे पन्नास, सातशे ऐंशी, चाळीस. सोळाशे ऐंशी होतात. आजोबांनी पंधराशे ऐंशी लिहिले होते. हातचा एक घ्यायचा राहिला होता. सबंध जन्म दुसऱ्याच्या दुकानाचे हिशेब पैशापर्यंत जुळवणारा माणूस, त्या एका रात्री हातचा विसरला होता.

मी तांबड्या शाईने दुरुस्ती केली, बाजूला नियमाप्रमाणे सही केली, आणि आजीला जाऊन सांगितले की आजोबांच्या बेरजेत शंभर मैल कमी पडले होते.

आजीने ऐकून घेतले.

"शंभर मैल वाडले?" ती म्हणाली. "मगे बरा झाला ते गेले नाय."